फवारणी नसलेल्या रोगाचा अभ्यास

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला. वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करून केळीवरच्या विषाणूंच्या सर्वेक्षणात काम करायचं म्हणते. वडिलांना ती राज्यसेवेत हवी आहे. ते विचारतात, 'प्रयोगशाळेत बसून औषध शोधणार असेल तर एक वेळ चालेल, पण शेतोशेत फिरून रोगट झाडं मोजायची, याला काय करिअर म्हणायचं?'

भाऊ, तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. 'पूर्वपरीक्षेचा अर्ज मीच भरला, तिच्याकडून फक्त ओटीपी मागून घेतला.' त्यानंतर दोन दिवस ती घरात कुणाशी बोलली नाही, हेही तुम्हीच लिहिता आणि लगेच क्लासच्या फीवर येता. मी त्या दोन दिवसांपाशीच अडकलो आहे. सीएमव्हीमुळे, म्हणजे काकडी मोझॅक विषाणूमुळे, दोनदा मृगबाग उपटावी लागली, म्हणून केळीचं नाव नको झालंय, हे समजतं. पण बाग उपटली तेव्हा रोपं वाहायला तीही होतीच, असं तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला त्यातून पळावंसं वाटलं, तिला ते समजून घ्यावंसं वाटलं. तिच्या जागी ओटीपी टाकून तुम्ही तिची इच्छा बदलू शकणार नाही. हे चुकलंच, तिला तसं सांगा.

आता औषधाचं. विषाणूला मारणारी फवारणीच नाही. माव्यावर फवाराल, तर काकडीवर किंवा चवळीवर बसून आलेला मावा केळीच्या पानात सोंड खुपसतो आणि काही सेकंदांत सीएमव्ही देऊन मोकळा होतो. तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. हातात उरतं ते दोनच: निरोगी रोप लावणं आणि रोगट झाड वेळेत ओळखून उपटणं. हे ओळखणं म्हणजेच सर्वेक्षण. केळीचा दुसरा विषाणूरोग पर्णगुच्छ (बंची टॉप) असेल तर पान उलटं करून उजेडाकडे धरायचं; देठावर आणि शिरांवर गडद हिरव्या तुटक रेघा दिसतात, ठिपका, रेघ, पुन्हा ठिपका. झाड बुटकं होऊन पानांचा झुबका दिसेपर्यंत थांबलात, तर मावा शेजारच्या बागेत पोचलेला असतो. पिवळे पट्टे सीएमव्हीचे की अन्नद्रव्याच्या कमतरतेचे, हे नुसत्या नजरेला फसवतं. तिथे नमुना घेऊन एलायझा किंवा पीसीआर ही विषाणू ओळखणारी चाचणी करावी लागते. म्हणजे तुम्हाला हवी ती प्रयोगशाळाही यातच आली, फक्त तिची वाट शेतातून जाते.

1920च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या केळीबागा पर्णगुच्छानं झोपल्या होत्या. रोग मावा पसरवतो हे तिथे सिद्ध झालं, मग बागोबाग तपासणी, रोगट झाडं उपटण्याची सक्ती आणि रोपांवर निर्बंध आले. त्यानं तिथली केळी सावरली. आपल्याकडे तमिळनाडूत पळणीच्या डोंगरात विरुपाक्षी केळीचं क्षेत्र याच रोगानं ओसरलं. एक तालुका सुधारून भागत नाही, कारण रोपं आणि मुनवे (लावणीचे कोंब) जिल्हे ओलांडतात.

एक मात्र तुमचं बरोबर आहे. प्रकल्पातली नोकरी कंत्राटी असते, प्रकल्प संपला की पगार संपतो. कायम जागा थोड्या आणि त्यांच्यासाठी बहुधा पीएच.डी. लागते. प्रवेश परीक्षा, नेट वगैरे तिला माहीत असेलच. तिरुचिरापल्लीचं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुण्याचं प्रादेशिक केंद्र तिनं स्वतः जाऊन बघावं. उतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांसाठी 2006पासून प्रमाणीकरण आहे, त्यामुळे विषाणू तपासणारी माणसं तिथेही लागतात.

एम.एस्सी.चा अर्ज तिलाच भरू द्या. आणि येत्या मृगबागेत रोपं आली की ट्रे उतरवण्याआधी तिला पाहू द्या. तिनं बाजूला काढलेलं रोप लावू नका.