वाचकांचे प्रश्न : तिथल्या लोकांशी जमलं, टीममध्ये जमेना

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नवरा-बायको चार वर्षं परदेशात मिशनचं काम करतोय. तिथल्या लोकांशी छान जमलंय, भाषाही बऱ्यापैकी येते आता. त्रास आहे तो आमच्याच टीममधल्या दुसऱ्या कुटुंबाचा. गाडी कोणी न्यायची, मीटिंग किती वाजता, मुलांना किती ओरडायचं, सगळ्यावरून कुरबुर. प्रार्थनेला एकत्र बसतो पण नजर चुकवून. मंडळीला, म्हणजे घरच्या चर्चला, दर महिन्याला पत्र जातं त्यात यातलं काहीच लिहीत नाही, लिहिणार कसं, पैसे तेच पाठवतात ना. आमचं पाचारणच चुकलं का?

उत्तर : पाचारण आधी बाजूला ठेवा बरं. गाडीच्या चावीवरून वाजलं म्हणून देवाने बोलावलंच नव्हतं असं कुठं असतं का! मी स्वतः नऊ वर्षं बाहेर काढलीत, जायच्या आधी लोकांनी मला साप, मलेरिया, व्हिसा सगळ्याबद्दल सांगितलं, सहकाऱ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. घरी असताना एखाद्याशी नाही पटलं तर रविवारी हसून दोन शब्द बोलतो आणि सुटतो. तिथं तोच शेजारी, कामातही तोच, रात्री मूल तापलं की धावून येणारा तोच, आणि आपल्या भाषेत बोलणारं दुसरं कोणी नाही, मग एका नात्यावर एवढं सगळं लादलं की ते करकरणारच.

तुम्ही पहिले नाही. बंगालमध्ये श्रीरामपूरला १८०० सालापासून केरी, मार्शमन, वॉर्ड हे इंग्रज मिशनरी आणि त्यांची कुटुंबं एकत्र राहायची, पंगत एक, तिजोरी एक. घरचा कारभार महिन्या-महिन्याने आळीपाळीने एकेकाकडे. आणि शनिवारची संध्याकाळ ठेवलेली असायची ती आठवडाभरात कोणाचं कोणाशी बिनसलं ते समोरासमोर बोलून मिटवायला. इतकी भक्त माणसं, पण भांडणं होणारच हे धरूनच चालली होती, मला हे फार आवडतं. अर्थात त्यात जादू नव्हती, पुढं नव्या तरुण मिशनऱ्यांशी त्यांचं फाटलंच आणि १८२७ मध्ये इंग्लंडमधल्या त्यांच्याच मिशनरी सोसायटीपासूनही ते वेगळे झाले. तरी तुमचा गाडीचा प्रश्न आळीपाळीने सुटण्यासारखा आहे, तो आधी सोडवा, मनं वगैरे नंतर जुळतील.

बोलायला बसाल तेव्हा चार वर्षांचा हिशोब काढू नका, एकच गोष्ट घ्या. आणि प्रार्थनेतून टोमणे मारू नका, "प्रभू, आमच्यातल्या काहींना नम्रता दे" हे कोणाला उद्देशून असतं ते डोळे मिटलेल्या प्रत्येकाला कळतं (मी पण केलंय हे, म्हणून सांगते). दोघांनाही चालेल असा टीमबाहेरचा तिसरा माणूस मिळाला तर आणखी बरं.

पत्राचं म्हणाल तर दोनशे लोकांना जाणाऱ्या पत्रात भांडण लिहायचं नसतंच. पण मंडळीतली दोन माणसं अशी निवडा ज्यांना तुम्ही खरं सांगाल, आणि ती शक्यतो पैशाचा निर्णय घेणारी नकोत. दर महिन्याला "सर्व कुशल" लिहून लिहून एक दिवस सामान बांधून परत आलेली कुटुंबं मी बघितलीत, मंडळीला धक्काच बसतो, कारण त्यांना काही माहीतच नसतं.

प्रश्न : माझं लग्न ठरलंय, होणाऱ्या नवऱ्याला परदेशी मिशनवर जायचंय. मला काम आवडतं पण तसं पाचारण जाणवत नाही. सगळे म्हणतात बायको म्हणून गेलीस की आपोआप जाणवेल.

उत्तर : आपोआप काही होत नाही गं. केरींचंच घर घे. बायको डोरोथी जायला तयार नव्हती, पदरात मुलं, त्यात गरोदर. जहाज लांबलं, बाळंत झाली, पुन्हा आग्रह झाला तेव्हा बहीण सोबत येईल म्हटल्यावर १७९३ मध्ये ती निघाली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, नंतर तिचं मन बिघडलं ते १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरलं नाही. केरींच्या बायबलच्या भाषांतरांबद्दल आपण भरभरून बोलतो, तिच्याबद्दल मात्र एका ओळीत उरकतो. आता तुझं तसं होईल असं अजिबात म्हणत नाहीये. पण मिशनला लग्नाआधी विचार, मला भाषा शिकायला पूर्ण वेळ मिळणार का, माझं स्वतःचं काम काय, की तो बाहेर आणि मी घरात पाहुणे सांभाळत? आणि त्याला विचार, मी मोडले तर परत येशील का. उत्तर द्यायला त्याला किती वेळ लागतो तेही बघ.

प्रश्न : अकरा वर्षांची मुलगी बाहेरच वाढली. सध्या सुट्टीवर मायदेशी आलोय, "तू कुठली?" विचारलं की गप्प बसते.

उत्तर : कारण त्याचं एका शब्दात उत्तर नसतं. अशा मुलांना थर्ड कल्चर किड म्हणतात, हा शब्द १९५० च्या दशकात रूथ युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दिला, त्या भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. तिला म्हणावं लांबलचक सांगितलं तरी चालेल. "आता आपल्या घरी आलो" असं सारखं म्हणू नका, तिचं घर तिकडे राहिलंय, मैत्रिणींशी बोलणं चालू ठेवा. आणि मंडळीत तिकडचे कपडे घालून तिकडचं गाणं म्हणायला उभं करण्याआधी तिला विचारा, नाही म्हणाली तर नाही.