राक्षस मारण्यापलीकडचा खेळ

प्रश्न : आर्वी तालुक्यातले आम्ही मित्र शाळेपासून फासे टाकून भूमिका-खेळ खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र होऊन मिळून गोष्ट रचायची. पूर्वी राक्षस मारून खजिना लुटायचो. आता अख्खी रात्र पात्रांच्या बोलण्यातच जाते. खेळ बिघडला का?

उत्तर : मुळीच नाही. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या मूळ नियमांतच राक्षस मारणे आणि खजिना मिळवणे यांसाठी पात्राची ताकद वाढवणारे अनुभवाचे गुण होते, त्यामुळे नवख्या खेळाडूचे लक्ष तिकडे जाते, परंतु कापसाचा भाव आणि घरचे कर्ज सोसलेल्या माणसाला आपल्या पात्राने दिलेला शब्द का मोडला, हा प्रश्न तलवारीपेक्षा मोलाचा वाटू लागतो. हे मला या खेळाचे खरे वैभव वाटते. मात्र एखाद्या मित्राला अजूनही लढाईच हवी असेल, तर त्याला पोरकट ठरवू नका. सूत्रधाराने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, बैठकीत एखादी झुंज ठेवावी आणि तिचे परिणाम पुढील कथेत दिसू द्यावेत.