राजस्थान जास्त तापलं तर नाशिकला पाऊस चांगला होतो का?

मे महिन्यात राजस्थान-सिंधचं वाळवंट जितकं तापेल तितका आपल्याकडे पाऊस चांगला, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या निफाडच्या शिवारात हे दर उन्हाळ्यात ऐकायला मिळतं. मी भूगोल शिकवतो आणि घरी द्राक्षं, कांदा, सोयाबीन आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्धं खरं आहे. सिंधमधल्या जेकबाबादकडे पारा पन्नाशीला टेकतो, जमिनीलगतची हवा विरळ होते आणि बलुचिस्तान-सिंधपासून पश्चिम राजस्थानपर्यंत कमी दाबाचं क्षेत्र बसतं. जुलैत तिथला दाब १००० हेक्टोपास्कलच्या (हे हवेचा दाब मोजायचं एकक) खाली असतो. त्याच वेळी दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेला असलेल्या मस्कारेन बेटांच्या (मॉरिशस वगैरे) दक्षिणेकडे, तो १०२० च्या वर असतो. तिकडून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतो, सोमालियाजवळ दीडेक किलोमीटर उंचीवर त्याचा वेगवान झोत होतो, आणि अरबी समुद्राची वाफ घेऊन तो सह्याद्रीवर आदळतो.

आता गंमत बघा. दाब सगळ्यात कमी जिथे, तिथेच पाऊस नाही! कारण हा कमी दाब उथळ असतो. दीड-दोन किलोमीटरच्या वर कोरडी हवा खाली उतरत असते, पातेल्यावर झाकण ठेवावं तशी. पावसाच्या ढगाला दहा-बारा किलोमीटर उंच चढायला वाट हवी, ती तिथे मिळत नाही. आणि हे झाकण काही अंशी इकडच्या पावसामुळेच बसतं: बंगालचा उपसागर आणि मध्य भारतावर जी हवा वर चढते, तिच्यातली काही पश्चिमेला जाऊन वाळवंटावर उतरते.

जमीन तापते म्हणून समुद्राचा वारा येतो, ही मांडणी इंग्रज शास्त्रज्ञ एडमंड हॅली यांची, १६८६ ची. शाळेत आपण तीच शिकलो. पण मॉन्सूनच्या अभ्यासक डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी दाखवून दिलं की पाऊस कमी झालेल्या वर्षी जमीन उलट जास्त तापलेली असते. पाऊस नाही म्हणून ती तापते. त्यामुळे नुसत्या मेच्या तापमानावरून पावसाचं भाकीत करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाशिककरांनी बघायचा तो मॉन्सूनचा आस. वाळवंटातल्या या कमी दाबापासून निघून गंगानगर, प्रयागराज, कोलकात्यावरून बंगालच्या उपसागरापर्यंत गेलेला हा पट्टा. तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडे पावसात खंड पडतो. तो दक्षिणेला आला आणि ओडिशाकडून एखादं कमी दाबाचं क्षेत्र मध्य प्रदेशमार्गे गुजरातकडे सरकलं, की घाटावर झोडपतं. मग गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला गोदाकाठी गर्दी होते. त्यातही जिल्हा एकसारखा भिजत नाही. जुलैत इगतपुरी स्टेशनावर समोरचा फलाट धूसर दिसावा इतका पाऊस असतो, आणि त्याच दुपारी सिन्नरच्या पूर्वेकडच्या गावांत बैलगाडीमागे धूळ उडताना मी पाहिली आहे.

वादळांचं गणित वेगळं. एप्रिल-मेमध्ये राजस्थानकडून येणारा कोरडा वारा आणि समुद्राकडून येणारा दमट वारा मध्य महाराष्ट्रावर भेटतात, दुपारच्या उन्हाने ढग उभे राहतात आणि वळीव कोसळतो. कांदाचाळीचे पत्रे उडतात ते याच दिवसांत. मॉन्सूनचा पश्चिमी वारा जोरात सुरू झाला की गडगडाट कमी होतो. मोठा खंड पडला की पुन्हा ऐकू येतो.

मी स्वतः जूनमध्ये हवामान खात्याच्या रोजच्या पत्रकात आस कुठे आहे आणि उपसागरात काही शिजतंय का, एवढं वाचतो. मग बांधावर जाऊन माती उकरतो. वीतभर ओल असेल तरच सोयाबीनची पिशवी फोडतो.