आधी दिशा बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. त्यातली उद्गारचिन्हंही मोजली, पाच होती. मुनिया पक्ष्याच्या एका जनुकात प्रथिन बदलणारे फरक ढिगाने सापडले, डीएन/डीएस (प्रथिन बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या फरकांच्या दरांचं गुणोत्तर) एकच्या वर गेलं, म्हणजे नैसर्गिक निवड रंगेहाथ पकडली असं तुला वाटतंय. पकडलीही असशील. पण पेपरचं शीर्षक एवढ्यात ठरवू नकोस. आधी एक हिशोब मांडायचा राहिलाय.

मायोसिसमध्ये, म्हणजे अंडी-शुक्राणू घडवणाऱ्या पेशीविभाजनात, पेशी स्वतःचा डीएनए स्वतःच तोडते आणि जोडीदार गुणसूत्राकडे बघून तो सांधते. त्यातल्या थोड्याच सांध्यांतून क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे दोन गुणसूत्रांत मोठ्या तुकड्यांची अदलाबदल, होतं. बाकी ठिकाणी जोडीदाराकडून एक छोटा तुकडा उतरवून घेतला जातो, बस. हेच जीन कन्व्हर्जन. यात देवाणघेवाण नसते, एकतर्फी नक्कल असते. न्यूरोस्पोरा बुरशीच्या पिशवीतल्या आठ बीजाणूंमध्ये आईबापांचा वाटा चार-चार असाच पडायला हवा. तो अधूनमधून सहा-दोन पडतो, ते यामुळेच. मेरी मिचेल यांनी 1955 मध्ये हे दाखवलं.

खरी गंमत पुढे आहे. नक्कल होताना दोन धाग्यांची अक्षरं जुळली नाहीत, तर डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी दुरुस्तीचं माप जी-सीच्या बाजूला झुकतं. माणसांच्या कुटुंबांवरच्या 2015 च्या एका अभ्यासात अशा जागी जी किंवा सी अक्षर पुढच्या पिढीत जाण्याचं प्रमाण 50 नव्हे, 68 टक्क्यांच्या आसपास निघालं. अक्षर उपयोगी आहे की घातक, याच्याशी त्या दुरुस्तीला काही देणंघेणं नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं, की आलेखावर ते हुबेहूब निवडीसारखं दिसतं. मीही यात एकदा फसलोय. पेपरच्या परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती, ‘बदलांची दिशा पाहिलीत का?’ पाहिली नव्हती.

उंदराचं एफएक्सवाय जनुक मी प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवतो. माणसात, रॅट या मोठ्या उंदरात आणि मुस स्प्रेटस या छोट्या उंदरात ते अख्खं एक्स गुणसूत्राच्या एकट्या (वायशी न जुळणाऱ्या) भागात असतं. घरातल्या उंदरात मात्र त्याचं शेपूट सरकून एक्स आणि वाय जिथे जुळतात त्या टोकाच्या पट्टीत गेलं. ही पट्टी दहा लाख अक्षरांचीही नाही, आणि नराच्या मायोसिसमधलं क्रॉसिंग ओव्हर या दोघांना तेवढ्यातच उरकावं लागतं. म्हणजे तिथे या तोडजोडीची (पुनःसंयोजनाची) नुसती झोड. परिणाम? जनुक एकच, प्रथिन एकच, पण डोकं जागच्या जागी राहिलं आणि शेपटात जी-सीचा पूर आला. प्रथिनाची अमिनो आम्लंसुद्धा त्या पुरात बदलून गेली. निवडीला असं सीमेवर अचूक थांबायचं कारण काय?

माणसातला एचएआर1 हा 118 अक्षरांचा तुकडा तर तू वाचलाच असशील. कोंबडी आणि चिंपांझी यांच्यात दोनच फरक, चिंपांझीपासून वेगळं झाल्यावर माणसात 18, आणि तुकडा गर्भाच्या मेंदूत सक्रिय. ‘आपल्याला माणूस करणारा तुकडा’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण ते 18 च्या 18 बदल ए-टीकडून जी-सीकडे झालेले आहेत, आणि जागा 20 व्या गुणसूत्राच्या टोकाजवळची. निवड नव्हतीच असं मी म्हणत नाही. ती एकटी असल्याचा पुरावा मात्र एवढ्यावर उभा राहत नाही.

आता तुझी मुनिया. माणसात पीआरडीएम9 हे प्रथिन हॉटस्पॉटच्या, म्हणजे पुनःसंयोजन जिथे वारंवार होतं त्या ठिकाणांच्या, जागा ठरवतं आणि ते स्वतःच भराभर बदलतं. म्हणून आपले आणि चिंपांझीचे हॉटस्पॉट जवळजवळ जुळतच नाहीत. पक्ष्यांत हे जनुक नाही. मुनियांच्याच कुळातल्या झेब्रा फिंच आणि लाँग-टेल्ड फिंच यांचे बहुतेक हॉटस्पॉट सारखे निघाले, कारण ते पूर्वजांपासून जागचे हललेलेच नाहीत. म्हणजे ज्या जागेवर माप झुकतं, ती जागा लाखो वर्षं तीच. त्यात तुझं जनुक आहे एका सूक्ष्मगुणसूत्रावर! गुणसूत्र कितीही इवलं असलं तरी किमान एक क्रॉसिंग ओव्हर त्याच्या वाट्याला येतंच, त्यामुळे तिथे दर लाख अक्षरांमागे पुनःसंयोजन फार जास्त. संशय घ्यायला इतकं पुरे.

तेव्हा दूरच्या नातलगाचा क्रम घेऊन प्रत्येक बदलाची दिशा लाव. ए-टीचे जी-सी किती आणि उलटे किती, ते वेगवेगळं मोज. जनुकाला जुळी प्रत आहे का, तेही बघ. असल्यास कन्व्हर्जनमुळे दोन्ही प्रती एकसारख्या होत राहतात आणि वंशवृक्ष खुशाल खोटं बोलतो. गर्भातल्या हिमोग्लोबिनसाठीच्या आपल्या दोन गॅमा ग्लोबिन जनुकांचं असंच आहे.

आणि शेजारचे इंट्रॉन, म्हणजे जनुकातले प्रथिनात न उतरणारे तुकडे, विसरू नकोस. प्रथिनावरच्या निवडीने त्यांत जी-सी वाढायचं काही कारण नाही. तिथेही तीच वाढ दिसली, तर मला रात्री उशिरा फोन केलास तरी चालेल.

तुझा,
सर