ऑफिसमध्ये बसून काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना व्यायामाला प्रवृत्त करणारी आणि त्यापासून अडवणारी कारणे वेगळी असतात का?

होय, वेगळी असतात, आणि त्यांतील बहुतेक स्वभावातून नव्हे, तर घरातील कामाच्या वाटणीतून येतात.

मी नाशिकच्या सातपूर भागातील एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. मागे आमच्याकडे पावले मोजण्याची महिनाभराची स्पर्धा झाली. वरचे सर्व क्रमांक पुरुषांचे आणि तळाशी आम्ही सगळ्या, असा निकाल लागल्यावर बक्षीस समारंभात एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी सांगितले की, महिलांना व्यायामाची मुळात आवड नसते आणि गरजही नसते, कारण घरकामातच त्यांचा व्यायाम होऊन जातो. मग आम्ही तळाशी कशा, असे मी तिथेच विचारले, तेव्हा फक्त हशा झाला.

मोजणी मोबाइलवर होती. पुरुषांचा मोबाइल दिवसभर पँटच्या खिशात असतो. माझ्या कुर्त्याला खिसा नसल्यामुळे माझा मोबाइल ऑफिसात टेबलावर आणि घरी ओट्यावर पडून असतो, म्हणजे माझी निम्मी पावले कोणी मोजलीच नाहीत. शिवाय ते वरिष्ठ सहकारी सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरून परततात, तेव्हा त्यांचा डबा भरून तयार असतो. माझी तीच वेळ डबे भरण्यात जाते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ गेलेला दिसतो, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे.

जागतिक आरोग्य संघटना घरकामही शारीरिक हालचालीत धरते, हे मान्य आहे. परंतु तिची अपेक्षा आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांची आहे, आणि ओट्यापाशी उभे राहून पोळ्या लाटल्याने पाय भरून येतात, श्वासाची गती वाढत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकातील अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांची आणि ४२ टक्के पुरुषांची हालचाल अपुरी होती. घरकाम पुरेसे असते, तर हे आकडे उलटे आले असते.

प्रवृत्त करणाऱ्या गोष्टींबद्दल थोडक्यात सांगते. आमच्या ऑफिसातील पुरुष चढाओढीने हलतात. नाशिकच्याच महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, याचा दाखला देत त्यांतील काहींनी महागड्या सायकली घेतल्या. आम्हाला सोबत, रस्त्यावर उजेड आणि परतल्यावर कोणाची कुरकुर न ऐकण्याची खात्री लागते. अर्थात, आईच्या हातचा डबा घेऊन येणाऱ्या मुलींना हे सारे लागू नाही, आणि कामाची पाळी (शिफ्ट) बदलत राहणाऱ्या पुरुषांचेही हालच असतात.

आपण कार्यालयासाठी उपक्रम आखत असाल, तर कामाच्या वेळेतलाच अर्धा तास द्या आणि कपडे बदलण्याची सोय करा. स्पर्धा घ्यायचीच असेल, तर पावले मोजणारा मनगटी पट्टा सर्वांना कंपनीने द्यावा आणि तो घरीही काढू नये. ही सूचना मी त्या सहकाऱ्यांना लेखी दिली असून, त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.