काँक्रीटच्या खांबांना संगमरवर चिकटवून ग्रीक देऊळ होईल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ग्रीक देवतांच्या उपासनेसाठी आज जुन्या पद्धतीचं देऊळ बांधायचं तर खांब किती, खर्च किती, आणि आत आरसीसी करून वरून संगमरवर लावला तर चालेल का. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण वाद दरवेळी तिथेच पेटतो. नाही चालणार.

अथेन्सचं पार्थेनॉन बघा. इ.स.पू. 447 ते 438 या काळात उभं राहिलेल्या या देवळात दगडाच्या सांध्यांत ना चुना, ना सिमेंट. लगतच्या दोन दगडांत खाच पाडून त्यात लोखंडी आकडा बसवायचा आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचं. (सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं आपण ऐकत आलोय, तसंच.) शिसं लोखंडाला हवा-पाणी लागू देत नाही. शिवाय ते मऊ असतं, त्यामुळे भूकंपात दगड हलला तर धक्का ते सोसतं. 1898 पासून निकोलाओस बालानोस या इंजिनिअरने डागडुजी सुरू केली आणि नेमकं हे शिसंच वगळलं. नवं लोखंड तसंच सिमेंटमध्ये गाडलं. माणूस कष्टाळू होता, पडलेले खांब त्यानेच उभे केले. पण लोखंड गंजताना फुगतं, आणि दगडात अडकलेल्या गंजाला फुगायला जागा नसली की तो दगडच फोडतो. दोन हजारांहून जास्त वर्षं धड राहिलेले दगड काही दशकांत तडकले. 1975 साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते लोखंड एकेक करून काढावं लागलं आणि जागी टायटॅनियम बसवलं गेलं. टायटॅनियम गंजत नाही, उष्णतेने जवळपास संगमरवराइतकंच प्रसरण पावतं, आणि त्याची जाडी अशी काढतात की जोर आला तर आधी धातू वाकावा, दगड फुटू नये. पैसे वाचवायला स्टेनलेस सुचवणारे भेटतील. ते टायटॅनियमच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं.

आता तुमचं क्लॅडिंग. आत सळई, वर काँक्रीट, त्यावर दोन सेंटिमीटरची पातळ लादी. सांध्यातून पाणी मागे शिरलं की बालानोसचीच चूक, फक्त लवकर. अमेरिकेतल्या नॅशव्हिलला 1897 च्या प्रदर्शनासाठी पार्थेनॉनची पूर्णाकृती विटा, लाकूड आणि प्लास्टरमध्ये केली. ती ढासळू लागल्यावर 1920च्या दशकात काँक्रीटमध्ये पुन्हा बांधायला घेतली. पण तिथे संग्रहालय आहे, आणि संग्रहालय म्हणून ती वास्तू प्रामाणिक आहे. पूजेच्या जागेचा भार दगडाने खरोखर पेलायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

खांब चार पुरेत, फक्त दर्शनी बाजूला. चारी बाजूंनी खांबांची रांग घेऊ नका. प्राचीन रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअसचं माप सोपं आहे: दर्शनी रुंदीचे साडेअकरा भाग करा, एक भाग म्हणजे खांबाचा व्यास. व्यास 45 सेंमी धरला तर रुंदी सव्वापाच मीटरच्या आत बसते. खांबांमधलं मोकळं अंतर सव्वादोन व्यास म्हणजे 101 सेंमी, मधलं दारासमोरचं तीन व्यास म्हणजे 135, आणि उंची साडेनऊ व्यास, सुमारे 4.27 मीटर. गर्दीसाठी अंतर वाढवा असं कोणीतरी म्हणेलच. ऐकू नका. दगडी तुळई दाब सोसते, ताण नाही, ती खालच्या अंगाने मधोमध तडकते.

एक खांब भरतो सुमारे पावणेदोन टन. पाच तुकड्यांत केला तर तुकडा साधारण 350 किलोचा, साध्या चेनपुलीने चढतो. काम बिघडतं ते तुकड्यांच्या सांध्यात. गवंडी सगळा माथा गुळगुळीत करतो, आणि मध्ये वाळूचा एक कण उरला तरी वरचा तुकडा डुगडुगतो. कडेचा गोल पट्टाच तंतोतंत टेकवायचा आणि मधला भाग किंचित खोल ठेवायचा. तपासायला सपाट पाटीला गेरू लावून ती दगडावर फिरवा: रंग लागेल तिथे उंचवटा, तो घासायचा. पन्हळी, म्हणजे खांबावरच्या उभ्या खाचा (या आयोनिक शैलीत 24), खांब उभा झाल्यावर कोरायच्या. आधी फक्त वरच्या आणि खालच्या टोकाशी सुरुवात करून ठेवायची, नाहीतर चढवताना कडा उडतात.

पण खांबांबद्दल विचारताना तुम्ही वेदीचं नावही काढलं नाहीत. ग्रीक देवळात माणसं गाभाऱ्यात जमत नसत. पूजा बाहेर, उघड्यावर, बहुधा पूर्वेच्या दारासमोरच्या वेदीवर होई, आणि दार उघडलं की मूर्तीची नजर वेदीवर पडे. आधी वेदी बांधा. देऊळ दहा वर्षांनी झालं तरी उपासना अडत नाही. आग आत नेऊ नका, तापलेला संगमरवर भुगा होतो. वेदीचा माथाही संगमरवरी नको: वाइनमधलं आम्ल त्याला खातं, तेल आत मुरतं. ग्रॅनाइट किंवा बेसॉल्ट घ्या.

हे सगळं भूकंपाचा धोका कमी असलेल्या जागेसाठी. धोका असेल तर कोरड्या सांध्यांच्या बांधकामाला परवानगी मिळणं अवघड जाईल. मग गाभाऱ्याच्या भिंतींना स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल तो आधार द्या, त्याला माझी हरकत नाही. खांब मात्र दगडाचेच. खर्चाचा आकडा खाण किती लांब आहे त्यावर ठरतो, तेव्हा आधी चार खांब आणि तुळयांच्या दगडाचं कोटेशन मागवा, आणि त्यात वाहतूक वेगळी दाखवायला सांगा.