तिसरा क्लास लावू नका

पत्र : आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगी गुजराती माध्यमातून बारावी कॉमर्स 71 टक्क्यांनी पास होऊन महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.ला गेली. तिथे शिकवणं इंग्रजीतून. ग्रामरचे दोन क्लास केले, तरी बोलत नाही. म्हणून जूनपासून घरात मराठी बोलणं बंद केलं. चुकली की लगेच सुधारतो. परवा जेवताना 'यस्टर्डे आय गो' म्हणाली, मी टोकलं, तर ताट उचलून आत गेली. सुरतच्या आत्तेबहिणीशी मात्र फोनवर तासभर इंग्रजीत बोलते. तिने बँकेत लागावं अशी माझी इच्छा आहे. ग्रामरचा पुढचा क्लास कोणता लावावा?

उत्तर : दादा, तिच्या इंग्रजीची मला काळजी वाटत नाही. ती ताट उचलून आत गेली, त्याची वाटते. आदल्या दिवशी ती कुठे गेली होती, हे तुम्हाला शेवटी कळलं का? मुलगी काहीतरी सांगायला आली होती आणि तुम्ही क्रियापद तपासलंत. दिवसभर कॉलेजात इंग्रजीशी झटून आलेल्या पोरीला घरात तरी मोकळं बोलता आलं पाहिजे. तिच्या आईला इंग्रजी येतं की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. येत नसेल, तर जूनपासून मायलेकी एकमेकींशी काय बोलत असतील? आजच मराठी सुरू करा, आणि ते तुम्ही स्वतः तिला सांगा.

शिवाय उत्तर तुमच्याच पत्रात आहे. जी तासभर इंग्रजीत बोलते, तिला बोलता येतं. सुरतेला तिला कुणी टोकत नाही, एवढाच फरक.

आधी ग्रामर पक्कं करायचं, मग तोंड उघडायचं, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. 'शी गोज' हा नियम शाळेतच शिकवतात, पण बोलताना तो फार उशिरा अंगवळणी पडतो. जगभरच्या शिकणाऱ्यांबाबत भाषाअभ्यासकांनी 1970 च्या दशकापासून हे नोंदवलं आहे. 'अ' आणि 'द' यांना तर मराठीत जोडीदारच नाही, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं गडबड होते. नियम माहीत असणं वेगळं आणि वाक्य जुळवता जुळवता तो आठवणं वेगळं. दुसरी गोष्ट बोलल्याशिवाय येत नाही. ग्रामरची उजळणी लिहिण्यात खूप कामी येते, कारण तिथे मागे वळून बघायला वेळ असतो. आठवड्यातून अर्धं पान लिहावं आणि त्यात एकच गोष्ट तपासावी, सध्या फक्त भूतकाळ.

बोलण्यासाठी एक सराव सांगतो. एखादा प्रसंग एका मैत्रिणीला चार मिनिटांत सांगायचा, तोच दुसरीला तीन मिनिटांत आणि तिसरीला दोन मिनिटांत. तिसऱ्या खेपेला अडखळणं कमी झालेलं तिचं तिलाच जाणवेल. ऐकणारी आत्तेबहीण चालेल, वर्गातल्या मुली चालतील. तुम्ही मात्र सध्या नको.

वाचायला सोपं घ्या, अगदी लहान मुलांचं वाटलं तरी. पानावर चार-पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक आत्ता बाजूला ठेवावं. दांडिया बाजारातून मांडवीची सेंट्रल लायब्ररी किती लांब आहे? सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून बडोद्यात वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं, ते सामान्य माणसाने पुस्तकापर्यंत पोचावं म्हणूनच. तिथे तिला एकटीला जाऊ द्या आणि काय आणलं ते तपासू नका. कंटाळवाणं निघालं तर ती बदलून आणेल.

बँकेचं म्हणाल तर सरकारी बँकांच्या भरतीसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीला 100 पैकी 30 गुण असतात, सगळे वाचून सोडवायचे. क्लार्कला मुलाखतही नसते. त्यासाठी आधी पदवी लागते, म्हणजे घाई नाही.

पण बँक ही इच्छा तुमची. तिला काय करायचंय, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. क्लासची फी भरली नसेल तर भरू नका, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. मराठीत, गुजरातीत, तिला वाटेल त्या भाषेत. मी तिलाच उत्तर देईन.